विलिंग्डन आणि आयर्विन

पुण्या-मुंबईचा मनुष्य दक्षिणेकडे निघाला म्हणजे तो कोल्हापूरला जातो. अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा आणि येताना पायांत करकरणारी जोडी, एवढे साधले की त्याची यात्रा सुफळ संपूर्ण होते. सांगली त्याला लागते ती गाडीच्या खिडकीतून. स्टेशनची पिवळी पाटी दिसते, कुणी तरी भडंगाच्या पुड्या घेऊन डब्यात चढतो, आणि गाडी मिरजेकडे निघून जाते. आमच्या एका स्नेह्याने तर तीस वर्षे या वाटेने प्रवास करून सांगलीत एकदाही पाऊल ठेवलेले नाही, आणि हे तो अभिमानाने सांगतो. जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की, ज्या गावी पाहण्यासारखे काही नाही असे चारचौघे सांगतात, त्या गावी जाण्याची आम्हांला खोड आहे. तेव्हा यंदा पाऊस ओसरल्यावर आम्ही कोयना एक्सप्रेसचे तिकीट काढले आणि थेट सांगलीला उतरलो.

साताऱ्याच्या माणसापुढे सांगलीचे कौतुक करताना जरा जपून बोलावे लागते. कारण सांगली जिल्हा म्हणजे साताऱ्याच्याच पोटचा. १९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली संस्थाने एकत्र करून जो जिल्हा केला, त्याचे नाव होते ‘दक्षिण सातारा’. पुढे १९६० मध्ये तो सांगली जिल्हा झाला. त्यामुळे सातारकर सांगलीकराकडे वेगळा निघालेल्या धाकट्या भावाकडे पाहावे तसा पाहतो. सांगलीकर मात्र म्हणतो, ‘आमचं संस्थान होतं, आम्ही कुणाचे धाकटे?’ दोघांचेही खरे आहे. या भाऊबंदकीत बाहेरच्याने पडू नये.

दोघांचे सामाईक असे एकच धन, ते म्हणजे कृष्णा. महाबळेश्वराहून निघून वाईचे घाट धुऊन ती साताऱ्याजवळ माहुलीला येते आणि वेण्णेला पोटात घेते. कऱ्हाडला तर मोठीच मौज. दोन नद्या भेटतात त्या साधारणपणे बाजूबाजूने, कोन करून. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात. ‘प्रीतिसंगम’ हे नाव ज्याने ठेवले तो रसिक असला पाहिजे. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. कऱ्हाडचा मनुष्य पाहुण्याला प्रथम तिथे नेतो आणि मग घरी.

कऱ्हाड सोडले की किर्लोस्करवाडी लागते. माळावर १९१० साली कारखाना निघाला, हे तर खरेच. पण त्याच माळावरून ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके निघत आणि साऱ्या महाराष्ट्रातल्या माजघरांत पोचत, हे आजच्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. नांगर आणि मासिक एकाच गावातून! पुढे भिलवडी, आणि मग सांगली.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने पहिलाच प्रश्न असा विचारला की आम्ही खूश झालो. ‘पाव्हणं, आयर्विनकडं जायचं का विलिंग्डनकडं?’

हे या गावाचे दोन ध्रुव. एकीकडे नदी, तिच्यावरचा आयर्विन पूल, गणपतीचे देऊळ, पेठा, जुने वाडे. दुसरीकडे, मिरजेच्या रस्त्यावर, विश्रामबागेतले विलिंग्डन कॉलेज आणि त्याच्या आजूबाजूला वाढलेली नवी वस्ती. या दोन साहेबांचा योगही पाहण्यासारखा आहे. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या नावे १९१९ मध्ये कॉलेज निघाले. लॉर्ड आयर्विन व्हाइसरॉय असताना १९२९ साली पुलाचे उद्घाटन झाले. आणि १९३१ मध्ये आयर्विनसाहेब गेले तेव्हा त्यांच्या गादीवर व्हाइसरॉय म्हणून आले ते हेच विलिंग्डन! एकाने गांधीजींशी करार केला, दुसऱ्याने येऊन काही महिन्यांतच त्यांना तुरुंगात टाकले. सांगलीच्या माणसाला यातले काही ठाऊक नसते. त्याला विलिंग्डन म्हणजे कॉलेज आणि आयर्विन म्हणजे पाणी मोजायची जागा. साहेबांच्या कीर्तीचे याहून चांगले काही होण्यासारखे नव्हते.

ज्या गावाने वसंतदादा पाटील पाहिले त्याने ही नावे तशीच राहू दिली, याचेही आम्हांला नवल वाटते. २४ जुलै १९४३ रोजी भर पावसाळ्यात दादा आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निसटले. गोळीबारात दोघे साथीदार कामी आले, दादा जखमी होऊन सापडले. आज त्यांची समाधी कृष्णेच्याच काठी आहे, आणि तिथून आयर्विन पूल काही लांब नाही.

आम्ही आधी विलिंग्डनकडे गेलो. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे फर्ग्युसननंतरचे हे कॉलेज. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातला मुलगा मॅट्रिक झाला की एक तर कोल्हापूरचे राजाराम, नाही तर थेट पुणे. मधल्या संस्थानांतली, बेळगाव-विजापुराकडची मुले अडायची, त्यांच्यासाठी ही सोय झाली. संस्थानी मुलुखात, पण दोन गावांच्या मध्ये, उघड्या माळावर. गावात कॉलेज काढण्याऐवजी माळावर काढणाऱ्यांना त्या काळी लोक हसलेही असतील. नदीच्या पाण्यापासून ते लांब राहिले याचा हिशेब पुढे शंभर वर्षांनी लागायचा होता.

एक योगायोग नोंदवून ठेवतो. विलिंग्डन निघाले १९१९ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात, कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचे रोप लावले. एकीच्या दारावर गव्हर्नराचे नाव, दुसरीच्या नावातच रयत. एकीचे प्राध्यापक पुण्याहून येत, दुसरीची मुले खडी फोडून, शेतात राबून शिकत. पुढे साताऱ्यालाही रयतेचे कॉलेज झाले, १९४७ साली. हे दोन प्रवाहही कऱ्हाडच्या नद्यांसारखे समोरासमोरून आले, असे म्हणायला हरकत नाही. प्रीतिसंगम मात्र सावकाश झाला.

विलिंग्डनची एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. मराठी मुलुखातल्या या कॉलेजात कन्नड चांगली नांदली. विनायक कृष्ण गोकाक इथे प्राचार्य होते. कन्नडातले हे मोठे कवी, पुढे ज्ञानपीठाचे मानकरी. रं. श्री. मुगळी इथे अनेक वर्षे कन्नड शिकवीत. त्यांच्या कन्नड साहित्याच्या इतिहासाला १९५६ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि आपल्या पु. ल. देशपांड्यांनी एम. ए. केले ते इथूनच. एकाच आवाराने हे सारे पाहिले. सीमेवरून डोकी तापतात तेव्हा कुणी तरी या आवारातून एक फेरी मारून यावे.

शेजारी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज. १९४७ चे, आणि १९५५ पासून वालचंद या नावाचे. या दोन कॉलेजांमुळे विश्रामबागेत संध्याकाळी जी गर्दी होते, तिच्यात पस्तिशीच्या पुढचा मनुष्य दिसला तर तो एक तर प्राध्यापक, नाही तर आमच्यासारखा वाट चुकलेला. लातूर, सोलापूर, कोकण, कुठकुठची पोरे. चार वर्षे राहतात, भडंग खातात, एकमेकांना ‘काय लेका’ म्हणायला शिकतात, आणि पुण्याला निघून जातात. एक खोल्या भाड्याने देणारे गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, आमचं गाव म्हणजे स्टँडच. सगळे येतात ते पुढची गाडी धरायला.’ त्यांची स्वतःची दोन्ही मुले पुण्यात, हे त्यांनी मागाहून सांगितले.

दुसरे दिवशी सकाळी जुन्या गावात शिरलो. गणपतीचे काळ्या दगडाचे देऊळ, मागे नदी. हे देऊळ पटवर्धनांचे, म्हणजे सांगलीच्या संस्थानिकांचे. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून वेगळे निघाले आणि सांगलीला त्यांनी राजधानी केली. तोवर हे लहानसे गाव होते. सहा गल्ल्यांचे म्हणून सांगली, अशी एक व्युत्पत्ती देवळातल्या पुजाऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे सांगतात. आमचा तिच्यावर विश्वास नाही, पण सहा गल्ल्या मोजत हिंडण्यात सकाळ छान जाते.

याच आप्पासाहेबांच्या दरबारी मराठी नाटक जन्मले. कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करून गेली आणि महाराजांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितले, असे काही आपल्या भाषेत करा. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले. म्हणजे पाहा, इथेही कानडी शेजाऱ्याचे बोट धरूनच! १८५१ साली आप्पासाहेब वारले, दरबारचा आश्रय तुटला, आणि भावे मंडळी घेऊन मुलूखभर हिंडू लागले. आश्रय तुटला म्हणून नाटक महाराष्ट्राला मिळाले, नाही तर ते राजवाड्याच्या चौकातच राहिले असते. पुढे याच गावात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले, आणि हाकेच्या अंतरावर हरिपूरला गोविंद बल्लाळ देवल. शाळेत पाठ केलेली ही नावे इथे गल्लीबोळांतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी घेतात.

हरिपूरला जरूर जावे. तिथे वारणा कृष्णेला मिळते, संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. पण आम्ही गेलो ते पेवे पाहायला. सांगलीचा हळदीचा बाजार देशात गाजलेला. त्या हळदीची कोठारे जमिनीखाली असत. हरिपुरातली माती अशी घट्ट, की खोल खड्डा खणून हळद भरावी, तोंड बंद करावे, आणि वर्षे गेली तरी कीड लागू नये. एक म्हातारे हमाल भेटले. ते म्हणाले, ‘पेव उघडलं की लगी आत उतरायचं न्हाई. आधी त्याला हवा खाऊ द्यायची. घाई केलेला माणूस वर येत न्हाई.’ त्यांनी आयुष्यभर या पेवांत हळद उतरवली आणि चढवली. मग २००५ चा पूर आला आणि पाणी पेवांत शिरले. आता व्यापारी गोदामे आणि शीतगृहे वापरतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर तिची पेवे बहुतेक बुजली होती. आम्ही विचारले, एखादे अजून दाखवता येईल का? त्यांनी बाभळीखालच्या एका खोलगट जागेकडे बोट केले. गवत उगवले होते.

पुराचे नाव निघाले की सांगलीत गप्पांचा सूर बदलतो. आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. लहान पोरालाही हे आकडे पाठ असतात; आपल्याकडे क्रिकेटचा धावफलक विचारतात तसे पावसाळ्यात इथे ‘आयर्विन किती?’ असे विचारतात. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले. लोक म्हणाले, असा पूर पुन्हा आपल्या हयातीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटून दहाहून अधिक माणसे बुडाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी ५५ फुटांच्या आसपास. नुकते जन्मलेले पोर सोळा वर्षांचे होते तेवढ्या काळात तीन महापूर.

२०१९ च्या पुरात सांगलीचे जुने नगर वाचनालय बुडाले. हजारो पुस्तकांचा लगदा झाला. त्यांत पुन्हा छापली न गेलेलीही होती. ज्याने आयुष्यात कधी ओले पुस्तक वाळवले आहे त्याला यापुढे सांगायला नको. याच्या अकरा वर्षे आधी, २००८ साली, अमेरिकेतल्या आयोवा शहरात असाच प्रकार झाला होता. तेही नदीकाठचे, विद्यापीठाचे गाव. आपल्या दिलीप चित्र्यांसारखे कवी तिथल्या लेखकांच्या उपक्रमात राहून आलेले. नदी चढू लागली तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि गावकऱ्यांनी रांगा लावून ग्रंथालयाच्या तळघरातली पुस्तके हातोहात वर नेली. नदीकाठचे मोठे नाट्यगृह मात्र वाचले नाही. ते पाडून उंचावर नवे बांधले आणि २०१६ मध्ये उघडले. पैसा असला आणि जागा असली की असे करता येते. सांगलीत जागा आहे ती विश्रामबागेकडे, आणि गाव हळूहळू तिकडेच सरकते आहे. प्रत्येक पुरानंतर जुन्या पेठेतले काही बिऱ्हाड कॉलेजच्या दिशेने उठते.

पूर का येतो, यावर मात्र चहाच्या टपरीवर चार माणसांत पाच मते. कुणी अलमट्टीवर बोट ठेवतो; कर्नाटकाला तिची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायची आहे, ही त्याला धास्ती. कुणी म्हणतो, कोयनेचे पाणी वेळेवर सोडत नाहीत. तिसरा म्हणतो, नाल्यांवर घरे बांधली ती कर्नाटकाने येऊन बांधली काय? तज्ज्ञांच्या समितीनेही २०१९ च्या पुराचा मुख्य दोष अलमट्टीला दिला नाही. अतिवृष्टी आणि पात्रातली अतिक्रमणे यांवर भर दिला. आमचे मत तिसऱ्या गृहस्थाकडे झुकते, पण ते आम्ही टपरीवर बोललो नाही. शेजाऱ्याला दोष देण्यात एक सुख असते, आणि ते हिरावून घेणारा पाहुणा कुणाला आवडत नाही.

गावभागात आमच्या एका मित्राची काकू एकटी राहते. घर जुने, पायऱ्या उंच. तिने ओसरीच्या भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढून ठेवल्या आहेत. २००५ ची कमरेच्या वर, २०२१ ची खांद्याला, आणि २०१९ ची दाराच्या वरच्या कडीपाशी. रंगारी दरवेळी पुसू का विचारतो, ती नको म्हणते.

‘काकू, भीती नाही वाटत?’

‘वाटते की. पण हिशेब माहीत आहे ना. आयर्विनला पन्नास झाले म्हणजे आमच्या दारात. पंचेचाळीस झाले की मी तांदळाचा डबा माळ्यावर टाकते, गॅसची टाकी खांबाला बांधते, देव पिशवीत घालते आणि विश्रामबागेत भाचीकडे जाते. परत आले की आठवडाभर चिखल काढायचा.’

‘मुलगा पुण्याला बोलावतो म्हणे?’

‘दरवर्षी. तिथं अकराव्या मजल्यावर राहतो तो. पाणी येत नाही, खरंच आहे. टँकर येतो.’ आणि ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, ‘घर विकायला काढलं तर घेणार कोण, हे त्याला कळत नाही. भिंतीवरच्या रेघा बघून भाव सांगतात.’

हे आमच्या ध्यानात आले नव्हते. हौसेने राहणारी माणसे आपण पाहतो. राहण्यावाचून इलाज नाही म्हणून हौस धरणारी माणसे ओळखायला वेळ लागतो. काकूमध्ये दोन्ही किती-किती आहे हे तिलाही सांगता येणार नाही. तिने आम्हांला पोहे केले आणि निघताना गणपतीचा अंगारा दिला.

गाडीला अवकाश होता म्हणून संध्याकाळी पुन्हा विश्रामबागेत आलो. भडंगाच्या गाडीशेजारी बाकावर एक मुलगा येऊन बसला. इंजिनिअरिंगचा, तिसऱ्या वर्षाचा, जत तालुक्यातला. पुराचा विषय आम्हीच काढला, डोक्यात तोच होता. तो म्हणाला, ‘२०१९ ला मी शाळेत होतो. टीव्हीवर दाखवत होते, सांगलीत होड्या चालल्यात. आणि आमच्या गावात त्याच आठवड्यात टँकर येत होता. आमची जनावरं छावणीत. आजी टीव्हीकडं बघून म्हणायची, ह्यातलं जरा इकडं द्या की.’

एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात. शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत. म्हैसाळच्या योजनेने कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून त्या बाजूला नेतात. पुराचे जादा पाणीही तिकडे वळवावे अशी बोलणी चालू आहेत. त्याला हे सगळे आमच्याहून अधिक ठाऊक होते. पंपांची उंची, टप्पे, विजेचे बिल, सगळे. सिव्हिल घेतलेस का, असे आम्ही विचारले. ‘घेतलं मुद्दाम,’ तो म्हणाला. ‘मित्र म्हणतात कॉम्प्युटर घ्यायचं होतंस, पुण्यात लगेच लागला असतास.’

‘मग पुण्याला जाणार नाहीस?’

‘जावं लागतंय की. पहिली नोकरी इथं कुठली?’ त्याने भडंगाचा शेवटचा घास तोंडात टाकला, लिंबाची फोड चोखली आणि कागदाची गोळी केली. ‘पण आमच्या रानात गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कालव्याचं पाणी आलं. वडिलांनी द्राक्षं लावायची म्हणून खड्डे काढलेत.’

आम्ही पैसे द्यायला पाकीट काढले, तर त्याने गाडीवाल्याच्या हातात आधीच नोट दिली होती. ‘राहू द्या हो काका, तुम्ही पाव्हणं,’ म्हणाला, आणि प्रॅक्टिकलची वही काखेत मारून वसतिगृहाकडे चालू लागला.